पांढरा हात

पहिली पाटी निपाणीच्या स्टँडवरची.
सकाळी बघतो तर कोरी. डांबर नाही, शेण नाही,
नुसता पांढरा, दोन हात मारलेला.
मी पेंटर. आधी काम बघितलं :
कड कुठं ओघळली नव्हती.

त्या दिवशी कुणी बस अडवली नाही.
त्यालाच पुढं चमत्कार म्हणाले.

खानापूरच्या कौल-कारखान्यातला एक हिशेबनीस,
सातेरी नाव त्याचं (नंतर तेही पुसलं),
म्हणाला, भांडण अक्षरात आहे,
अक्षर काढा.
आम्ही दमलेलो होतो की बा.
आजानं मार खाल्लेला, बापानं दिलेला,
एका पाटीपायी.
गावंच्या गावं डबे घेऊन चुन्याच्या रांगेत.

मला बोलावणं आलं. पैसे रोख.
दुकानं झाली, मैलाचे दगड झाले,
शाळेतल्या फळ्यांवर मात्र रंग बसेना,
काळं वर यायचं, तीन हात द्यावे लागले.
घंटांवरची देणगीदारांची नावं कानशीनं घासली.
मग मसणवट्यातल्या शिळा.
एक म्हातारी आपल्या शिळेवर पालथी पडली.
तिला कुणी हात लावला नाही.
सगळे भोवती बसले, गप्प.
तिसऱ्या दिवशी ती आपणहून उठली
आणि तिनंच ब्रश मागितला, खुणेनं.

आता आठला भोंगा होतो.
कोरी पाटी पुढ्यात, ओठांवर चुन्याचं बोट.
तंबाखूतला तोच चुना.
बोललं की ओठ फाटतो.

माझी गंगव्वा गोकाककडची.
वीस वर्षं ती कन्नडात शिव्या द्यायची, मी मराठीत,
दोघांनाही पोचायच्या.
आता ती वाढते. साकु नाही, पुरे नाही,
मी ताटावर हात आडवा धरतो.

काल उतरत्या उन्हात
अंगणात टेकवलेल्या पाटीवरून
पोरगी बोट फिरवत होती.
पोरगी चार वर्षांची. तिला नाव ठेवलेलं नाही.
रंगाखाली जुना रंग उचलून येतो,
तिरप्या उजेडात दिसतो, आम्हा पेंटरांना ठाऊक असतं.
तिचं बोट एका वळणावर थांबलं, परत फिरलं,
जीभ टाळ्याला लागली :
ळ.

दोन्हीकडचा ळ.

मी गंगव्वाकडं बघितलं.
ती तव्याकडं बघत होती, भाकरी करपेपर्यंत.
भोंग्याला दहा मिनिटं,
आणि माझ्या हातात चुन्याची डबी, उघडी.