बायको एक, मुलं तीन

येरळेचं कोरडं पात्र ओलांडून
टेम्पो घोटमाळला पोचला तेव्हा
दोघींना ओकारी झालेली, लिंबू संपलेलं,
आणि स्मारक म्हणून पोरांनी मनात बांधलेला
घुमट, कारंजं, घोड्यावरचा पुतळा
यातलं काहीच नव्हतं.

चावडी होती. मंगलोरी कौलं, चार खांब,
खाली शहाबादी फरशी.
दारावर पाटी : केराबाई मंडले स्मृतिस्थान.
रंग ताजा,
एका वेलांटीवरून ओघळलेला.

बजाबा आजोबांनी कुलूप काढलं.
इथं, म्हणाले, दिवं लागलं की हजेरी.
आमचं आजं-पणजं रांगेनं उकिडवं.
नाव पुकारलं की म्हणायचं, हजर जी.
मध्यानरातीला पुन्हा कंदील दाराशी,
पुन्हा नाव,
पुन्हा घोंगड्यातनं हजर.
गुन्हा कोणता, एका पोरीनं विचारलं.
जन्माला आलो ह्योच की, बाळ.
सोयरीक बघाय जायचं तर चिठ्ठी.
मर्तिकाला जायचं तरी चिठ्ठी.

केराबाईचा बाप आटपाडीकडं वारला.
चिठ्ठी मिळाली तिसऱ्या दिवशी.
त्या सांजेला नवऱ्यामागं तीही चावडीत आली,
डोक्यावर वळकटी,
पाटीत चुलीचे तीन दगड.
"पाटील, आमी हजर पायजे न्हवं तुमास्नी?
मग हजरच ऱ्हातो."
आणि अंथरूण घातलं.

दुसऱ्या राती सात घरं. मग एकवीस.
शेळ्या, कोंबड्या, एक ओली बाळंतीण.
चावडीत भाकरी, चावडीत भांडणं,
चावडीत पोरांचं हागणं-मुतणं.
पाटलाला टेकायला जागा उरंना,
हवालदार कंदील घेऊन दारातच,
पाय कुठं ठेवू म्हणत.
अकरा राती.
बाराव्या दिवशी त्येच म्हणाले,
जावा आता घरी.

पोरं हसली. बजाबाही हसले.
मग काच पुसत म्हणाले,
हजेरी काय लगेच सुटली न्हाई.
नऊ वर्सं गेली अजून.
दोनदा तुरुंग, तालुक्याला खेटं,
चपला किती झिजल्या ते तिलाच ठावं.
पर पुकारणाऱ्याचा आवाज
त्या दिसापास्नं बारीक झाला.

काचेखाली वही.
मंडले सखा लिंबा, वय ३१,
उजव्या गालावर व्रण.
बायको १, मुलं ३.
पानभर शोधलं,
तिचं नाव दारावरच्या पाटीखेरीज कुठंच नाही.

अक्षर मात्र देखणं.
बोरूचं, ळ ला एक जादा गाठ मारलेलं.
ही गाठ मी पाहिलीय,
आजोळच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांवर,
खाली पणजोबांची सही.
आईचं माहेर हेच गाव.
मामा म्हणायचा,
चावडीत बघण्यासारखं काही नाही.

पोरांना हे सांगितलं नाही.
बजाबांनी विचारलं नव्हतं.
अभिप्रायाच्या वहीत लिहिलं,
माहिती उपयुक्त वाटली,
आणि ळ असलेला एकही शब्द
येऊ दिला नाही.

टेम्पोत चढताना एक पोरगं कमी.
सवयीनं हात पर्सकडं गेला,
हजेरीपत्रक अर्धं बाहेर आलं,
तसंच आत सारलं.
तुम्हीच मोजा रे, म्हटलं.
मोजता मोजता त्यांच्यात भांडण.

आदर्श मंडले चावडीतच होता.
खांबाशी आडवा, दप्तर उशाला.
"झोप येतीय का बघत हुतो.
फरशी लई गार हाय, बाई."

"फरशी आत्ताची," मी म्हणून गेले.
"तेव्हा भुई होती.
कोपऱ्यात उखळ पुरलेलं,
पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं."

तो कोपराव उठला.
"तुमास्नी कसं म्हाईत?"

दारात बजाबा,
हातातलं कुलूप उघडंच,
माझ्याकडं बघत उभे.