खवट

रात्रपाळी दहाला लागते. हल शहर,
मातकट नदीच्या काठचा दुमजली वृद्धाश्रम,
खोली चौदा. विल्फ गार्साइड, वय एक्याण्णव.
दिवसपाळीच्या बाईनं वहीत लिहून ठेवलंय:
त्वचा कागदासारखी, स्वभाव सँडपेपर.

मी त्याला मनातल्या मनात खवट म्हणते.
इथल्या भाषेत मला असा शब्द सापडला नाही
जो तेलालाही लागतो आणि म्हाताऱ्यालाही.

त्याची लेक जॅनिस शनिवारी
तीन बाटल्या खिडकीत मांडून गेली:
सूर्यफूल, बदाम, गव्हांकुर.
प्रत्येकीवर हिरवं पान, पानावर ठळक ई.
मी आधी त्या कपाटात सरकवते.
उजेडात तेल लवकर जातं,
हे कोर्समध्ये शिकले नाही मी.
बार्शीला आमचा घाणा होता.

करडईची पहिली धार
वडील बोटावर घेत, नाकाशी नेत,
मग मनगटाच्या आत चोळत
आणि गिऱ्हाइकाला म्हणत, बघा, जिरतं का नुसतं बसतं.

कोर्समध्ये वाचलं ते एवढंच
की ई जीवनसत्त्व बी आपल्यासाठी करत नाही.
तिला अंधारात पडून राहायचं असतं,
कधी सहा महिने, कधी जास्त,
पोटातलं तेल बिघडू न देता.
त्यासाठीची ती शिल्लक.
आपण ती दळतो, पिळतो, गाळतो
आणि कोपरांना लावतो.

सुरकुत्या जातील का, जॅनिस विचारत होती.
नाही जाणार. पण कातडी तडकणार नाही,
आणि कातडी तडकली नाही की
रात्र बरी जाते, त्याची आणि माझी.

आमच्यात म्हणतात, डोळ्यांत तेल घालून जागायचं.
इथे तेल नडग्यांना, डोळ्यांना कॉफी.
सूर्यफुलाचं तेल तळव्यात कोमट करते,
वरून खाली, केसांच्या कलानं, न घासता.
तो शिव्या देतो.
यॉर्कशरच्या शिव्या आखूड असतात, पाठ झाल्यात.

मग हात घेते
आणि थांबते.
हे हात मऊ आहेत.
नडग्यांचा आणि यांचा मालक एकच, हे पटू नये इतके.

"सीड मिल," तो म्हणतो, आज पहिल्यांदा न ओरडता.
"सत्तावीस वर्षं. जवस.
प्रेसमधून गरम पेंड ओढायची, कोपरापर्यंत तेल.
बायको म्हणायची, चेहरा तुझा, हात कुणा डचेसचे."

"बी कुठलं असायचं?"

"जहाजातून येईल ते. सुरुवातीला काही पोत्यांवर
बॉम्बे लिहिलेलं असे. टपोरं बी.
हात घातला की पाण्यासारखं निसटायचं."

मी त्याला जवसाची चटणी सांगते,
भाजून, लसूण, लाल तिखट, भाकरीवर तेल सोडून.
तो बराच वेळ माझ्याकडे बघतो.
"खाता?
आम्ही त्यानं दारं रंगवायचो."

कोपरांसाठी गव्हांकुराची बाटली उघडते,
सगळ्यांत महाग, दाट, मधाच्या रंगाची.
तो माझं मनगट धरतो.
एक थेंब बोटावर घेतो. नाकाशी नेतो.
आपल्याच मनगटाच्या आत चोळतो, पुन्हा हुंगतो,
डोळे मिटून,
आणि मला बार्शीतली दुपार दिसते,
पेंडीचा धूर, बैलाची घंटा नव्हे, मोटरचा पट्टा,
वडिलांच्या बनियनवरचे डाग.

"गेलंय हे," विल्फ म्हणतो.

मी वास घेते. गेलंय खरंच.
जुन्या शेंगदाण्यांचा, बंद डब्याचा वास.
अठरा पौंडांची चिठ्ठी अजून बुडाला चिकटलेली,
जॅनिसला काय सांगायचं ते सकाळी बघू.

पावणेपाचला वही ओढते.
त्वचा अखंड. पाणी दोन ग्लास. झोप तीन तास.
गव्हांकुर बंद, सूर्यफूल चालू ठेवणे,
श्री. गार्साइड यांच्या सल्ल्यानं.