पत्र्याच्या पोटाशी

माझं दुकान म्हणजे वरची खोली,
हुडकेश्वर रोडच्या मागे, चौथ्या गल्लीत.
पिको, फॉल, ब्लाऊज.
डोक्यावर टिनाचे अठरा पत्रे.
मे महिन्यात दुपारी बारा वाजता
मशीनचं चाक पदर गुंडाळून फिरवावं लागतं.

सगळं करून झालं.
चुना मारला, दिवाळीपर्यंतही टिकला नाही.
ओली पोती टाकली, ती माकडांनी ओढून नेली.
थर्माकोल लावला, उंदरांनी त्याचा चिवडा केला.
कूलर आहे, पण त्याची हवा ओली.
टाचण्या गंजतात.
एका नवरीच्या खणावर तांबडा ठिपका पडला,
तो खण मी भरून दिला.

मग फोमवाले आले.
पहिला टाय लावून.
"ओपन सेल घ्या मॅडम, स्वस्तात बसतो."
दाबून पाहिला तर बोट आत गेलं,
पावात जावं तसं.
दुसरा रुपेश मसराम, हिंगण्याचा,
मोपेडच्या हँडलला नमुन्याची पिशवी.
"टिनाले बंद पेशीचाच लागते, ताई.
पाणी पीत नाही, अन् पत्र्याले धरून बसते."
मी त्याच्यावर सुरी चालवली,
मग तापलेली इस्त्री टेकवली.
कड काळी पडली, पेटली मात्र नाही.
तो हसला. "असं कोणी पाहत नाही, जी."
"मी कापड घेतानाही सूत जाळून पाहते."

दीड इंच की दोन?
मधल्या फरकात एक जुनं ओव्हरलॉक येतं.
दोन रात्री मी त्या अर्ध्या इंचावर झोपले नाही.
तिसऱ्या दिवशी भिशी उचलली,
दोन म्हणाले.

अडले ते हे.
खिळ्याला टांगलेला यांचा थर्मामीटर,
आणि त्याच्या वर, पत्र्याच्या पोटाला,
काळ्या मार्करनं दर मे महिन्याचा सर्वात वाईट आकडा:
त्रेचाळीस, साडेचव्वेचाळीस, चव्वेचाळीस,
एके ठिकाणी फक्त "लाईट नव्हती".
बारा वर्षं.
नवऱ्यानं माझ्यासाठी काय केलं, असं कोणी विचारलं
तर दाखवायला एवढंच होतं.
मोजलं.

रुपेशनं तारेच्या ब्रशनं गंज खरवडला,
आकड्यांपाशी थांबला.
"एवढा तुकडा सोडू का, काका?"
हे काही बोलेनात.
मीच म्हणाले, सोडला तर ऊन तिथूनच येईल.
तेव्हा यांनी डोळे मिटले
आणि बाराही आकडे ओळीनं म्हणून दाखवले,
शाळेत पाढे म्हणावेत तसे,
लाईट नव्हती ते वर्षसुद्धा.
मग म्हणाले, "मार बापा."

खाली दोन ड्रम, दोन तापलेल्या नळ्या,
वर पांढऱ्या सूटमधला, मास्कमधला रुपेश.
माझी मशीन प्लास्टिकखाली
बुरख्यातल्या पाहुणीसारखी.
फवारा आधी नुसता ओला,
एक, दोन, तीन मोजेस्तोवर फुगला,
तव्यावरचा फुलका फुगतो तसा,
रंग हळद सांडलेल्या दह्याचा.
त्रेचाळीस गेला. चव्वेचाळीस गेला.
जिन्यापर्यंत शिळ्या मासोळीचा वास.
"उद्यापर्यंत वर चढू नका," म्हणाला,
"परवा आग न धरणारा रंग मारतो."

आता दुपारी चाक हातानं फिरतं.
बाहेर सेहेचाळीस, आत चौतीस.
हे नवा आकडा कुठं लिहावा म्हणून
मार्कर घेऊन दोनदा वर आले,
त्या उंचसखल पिवळ्याकडे पाहून
खिशात ठेवून गेले.

एकच झालं.
संध्याकाळी सातला पत्रा निवताना वाजायचा,
कड्, मग थांबून पुन्हा कड्,
बोटं मोडल्यासारखा.
त्यावर मी कात्री ठेवायची, भात लावायची.
आता तो वाजतच असेल बाहेरच्या बाहेर,
मला ऐकू येत नाही.
काल साडेआठ झाले,
तेव्हा जिन्यातून आवाज आला,
"भात कोण लावणार आहे?"
मी म्हणाले, तुम्ही.
मग खाली पातेलं वाजलं.