उणे ऐंशी

तुस्कानो सर निवृत्त झाले, त्याच्या तिसऱ्या सोमवारी
स्टोअर्समधून फोन आला:
मॅडम, सरांचा फ्रीजर रिकामा करायचाय.
नव्या साहेबांना जागा हवी आहे.

माटुंग्याचा तोच जिना.
पहिल्या मजल्यावर अजून फिनॉलचा वास,
दुसऱ्यावर यीस्टचा,
ओल्या पावासारखा, आंबट,
माहेरी आल्यासारखं वाटलं म्हणणार होते,
पण सरांना असली वाक्यं चालत नसत.

दार उघडलं. पांढरा धूर पायांवर आला.
चौदा रॅक. एकेका डबीत एक्क्याऐंशी कुप्या,
आणि प्रत्येकीवर मुंगीएवढं अक्षर,
न पुसणाऱ्या काळ्या शाईत.

व-११.
शोधनिबंधात सरांनी लिहिलंय,
'स्थानिक स्रोतातून विलग केलेला स्ट्रेन.'
स्थानिक स्रोत म्हणजे त्यांचे वडील.
कमरेला कोयती, सकाळी सहाला ताडावर.
एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी
थर्मॉस भरून ताडी आणली सरांनी वसईहून,
आणि हॉस्टेलच्या वॉर्डननं झाकण हुंगून
आधी मेमो दिला, मग अर्धा कप मागितला.

पहिल्या तासाला फळ्यावर एकच ओळ:
आत आलेलं, वजा बाहेर गेलेलं,
अधिक तयार झालेलं, वजा खर्चलेलं,
बरोबर साठलेलं.
'हिशोब लागत नसेल तर निसर्गाला बोल लावू नका.
गळती शोधा.'

तळोज्याला माझी गळती सापडायला तीन रात्री लागल्या.
फ्लास्कात शहाण्यासारखं वागणारं एन्झाइम,
पाच हजार लिटरच्या टाकीत नुसता फेस.
झाकणातून, पायऱ्यांवरून, माझ्या चपलांत फेस.
सर आले. बूट काढून कोपऱ्यात ठेवले,
पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फेसात उभे राहिले.
'लहान भांड्यात जे आपोआप मिळतं
ते मोठ्या भांड्यात मागावं लागतं.
हवा आधी माग.'
चौथ्या पहाटे सापडली:
हवेच्या नळीवरची आठ रुपयांची रबरी चकती.
सर हसले नाहीत. ती चकती त्यांनी खिशात घातली,
आणि पुढं दरवर्षी वर्गात फिरवली,
माझं नाव न सांगता.

पेटंट एकच, तेही कुणी विकत घेण्याआधी मुदत संपलेलं.
एकतीस पीएच.डी. त्यातले नऊ परदेशी,
एक विमा विकतो, एक मी.

यादी करायची, सही घ्यायची, मग ऑटोक्लेव्ह:
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
व-११ हातात धरून सरांना फोन लावला.
मागं कोंबडा ओरडत होता, कुणीतरी नळ सोडला होता.
'फेकून दे गं,' ते म्हणाले. 'ताड आहे ना अजून.'
मग घाईनं, 'आणि फ्रीजरचं दार नीट लाव.
त्याचं रबर सैल आहे.'

मेमध्ये मी गेले होते त्या रस्त्यानं.
ताड होता तिथं टायरचं दुकान आहे.

शिपाई नोंदवही घेऊन उभा होता.
माझ्या पिशवीतल्या डब्यात कोरडा बर्फ होता, सकाळीच आणलेला,
का आणला ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
कुप्या अकराशे चौतीस, लिहिलं.
नष्ट केल्या, अकराशे तेहेतीस.
शेवटच्या रकान्यात, शक्य तितक्या बारीक अक्षरात:
गळती, एक.