उलटा एन

गावाबाहेर तांबड्या दगडाची खाण होती.
आता तिथे पाणी आहे. पोरं जूनमध्ये उड्या मारतात
आणि पाय टेकत नाहीत म्हणून आनंदानं किंचाळतात.
त्या खड्ड्यातून जे गेलं ते बरंचसं शिकागोला गेलं;
उरलं त्यात आमचं वाचनालय झालं :
दोन कमानी, अकरा पायऱ्या, एक ठेंगणा मनोरा,
ज्यात घड्याळ बसवायला पैसे पुरले नाहीत.
गोल भोक तेवढं राहिलं. कबुतरांना वेळ कळते, असं म्हणतात.

एकोणीस वर्षं मी चाव्या सांभाळते.
दार ओकचं; दमट दिवसांत फुगतं, खांदा लावावा लागतो.
मोठ्या खिडक्या सरोवराकडे नाहीत, धान्याच्या गोदामाकडे आहेत.
वास्तुविशारद मिलवॉकीहून एकदाच आला होता,
आणि त्या दिवशी धुकं होतं.

दारावर नऊ अक्षरं : ओपन टु ऑल.
त्यातला एन उलटा,
आरशातून बाहेर आल्यासारखा.
कोरणारा रोको स्पाताफोरा, कालाब्रियाचा.
त्याला पुठ्ठ्याची सुटी अक्षरं दिली होती,
एक पालथं पडलं. त्याला काय कळणार?
गावाला कळलं. गाव हसलं, आणि मग पुस्तकं न्यायला लागलं.

अठ्ठावीस वर्षांनी, छातीत दगडाची भुकटी घेऊन
तो तळघरातल्या रात्रवर्गात आला.
पोरांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी,
समोर मिस रॅग्नहिल्ड एल्स्टाड, तिची खडूनं पांढरी बाही.
जानेवारीत एका रात्री बाहेर पडला,
टोपी सावरायला मान वर केली,
आणि तिथेच उभा राहिला.
बर्फ खांद्यावर साचला तरी हलला नाही.

सकाळी शिडी घेऊन हजर.
एकच अक्षर दुरुस्त होत नाही, म्हणाला,
नवही तासून काढायची, दगड अंगठाभर आत घ्यायचा,
मग पुन्हा पहिल्यापासून.
किती दिवस? — अकरा.
आणि हा खोकला?
त्यावर तो काही बोलला नाही.
मिस एल्स्टाडनं शिडी कोळशाच्या खोलीत नेली
आणि कुलूप घातलं.

गेल्या महिन्यात राज्याचा माणूस आला,
लाल ठिपक्याचं यंत्र भिंतीवर फिरवत.
छत : गळती. मनोरा : तडा. शिलालेख : दोष.
दोषापुढे रिकामा रकाना होता, उपाय लिहायचा.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं :
शिडी तळघरात आहे. तिच्यावर चढून
आम्ही फक्त दिवे बदलतो.