चार हजार मीटरवरचं नाक

बॉनेट उघड, झेनोन. नाही, आधी इंजिन बंद कर,
मला बोलू दे.
तुझी ही कोरोला जपानात जन्मली, समुद्रकाठी.
इकीकेच्या बंदरात उतरली तेव्हा स्टिअरिंग उजवीकडं होतं;
कुणीतरी ते उपटून डावीकडं बसवलं,
डॅशबोर्डवरची जुनी भोकं अजून बुजलेली नाहीत.
फुफ्फुसं मात्र कुणी बदलली नाहीत.
एल आल्तोत माणसं रुंद छातीची निपजतात,
गाड्या नाही.

पाहुणे वाढले की सुपात पाणी वाढतं,
तशी इथली हवा.
पेट्रोल पोटभर, हवा ओंजळभर;
न जळलेलं काळं होऊन मागून निघतं
आणि मागचा मिनीबसवाला तुझ्या आईचं नाव काढतो.

तू म्हणतोस, तो लाल शंकूसारखा फिल्टर लाव,
गुरुवारच्या बाजारात चकाकतो तो.
लावीन. पैसे तुझे.
पण बसणार कुठं? तापल्या लोखंडाच्या कुशीत.
आधीच पातळ, त्यात गरम:
नाकापेक्षा मोती जड.

थांब, हा जुना डबा उघडते.
चार क्लिपा, एक तुटकी, तारेनं बांधलेली.
कुणी बांधली असली? मीच.

हे बघ.
धूळ, ती असणारच. एक पतंग, वाळून कागद झालेला.
आणि या टिकल्या, पिवळ्या, गुलाबी,
भिजून सुकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या,
मध्ये कसल्याशा फुलाची पाकळी.
कोपाकाबानाला गाडी आशीर्वादाला नेली होती ना तुम्ही?
पाद्री बादलीतून पाणी शिंपडत होता
आणि बासिलिया मूठमूठ उधळत होती,
चाकांवर, आरशांवर, बॉनेट वर करून इंजिनावरसुद्धा.
गाडीनं तो सगळा आशीर्वाद नाकानं ओढला
आणि तीन वर्षं घशात धरून ठेवला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
तुझं उलटं. तू गप्प.

मला तिचा फोन आला होता साओ पाउलोहून.
दिवसाला दोनशे चेन शिवते जीन्सना.
म्हणाली, इथली हवा जाड आहे गं जुस्ता,
तीन जिने चढले तरी दम लागत नाही,
आणि झोप येते, नुसती झोप येते.

बरं. काम.

तीन इंची करडा पाइप, सांडपाण्याचा. हसू नकोस.
आत मीठ ठासून भरायचं, वाळू असती तर वाळू,
मग शेक देत वाकवायचा, म्हणजे चुरगळत नाही.
हेडलाइटमागून पुढं, जिथं गार वारा थेट अंगावर येतो.
वळण एकच; वळणागणिक हवा कंटाळते.
तोंड फार खाली नको,
डबक्यातलं पाणी प्यायली तर आतले दांडे वाकतील.
जोडाशी एक पायरी राहिली होती, नखाला जाणवेल एवढीच.
दुपारभर घासली.
एवढ्याशा पायरीलाही हवा ठेचकाळते.

रविवारी ला कुंब्रेचा चढ.
तू, मी, मागं वजनाला बटाट्याची दोन पोती.
जिथं दुसऱ्या गिअरमध्ये नाकात दम यायचा,
तिथं तिसऱ्यात निघालो.
घड्याळ म्हणालं, चार सेकंद.
चारच? तू म्हणालास.
चार. त्यातले तीन त्या टिकल्या काढल्याचे असतील,
खोटं कशाला बोलू.
आवाज मात्र वाढला, खर्जात घुमतो आता.
त्याचे पैसे मी लावत नाही.

वर खिंडीत तू फोन बॉनेटशी धरलास,
मला ॲक्सिलरेटर दाबायला लावलंस,
आणि तो आवाज पाठवलास.
उत्तर यायला बराच वेळ लागला:
कोण घोरतंय?

हसता हसता तुला धाप लागली,
टायरला टेकून खालीच बसलास.
मी बटाट्यांची पोती नीट लावत राहिले.

टिकल्या फेकलेल्या नाहीत.
स्पार्क प्लगच्या खोक्यात, काडेपेटीत आहेत.
विचारलंस तर सांगेन.