गोदीतल्या बाईस

बाई, तुम्ही पुन्हा तेच म्हणालात:
परवानगी नाही.
आवाज गोड, बँकेच्या फोनवरच्यासारखा,
इंग्रजी मात्र माझ्या पोरीच्या टीचरपेक्षा वेगवान.
वर उगाच घुटमळतोय म्हणून दंड लावलात.
भरायचा कुठं, ते सांगितलं नाहीत.

मी अंबादास येमुल, साखर पेठ, सोलापूर.
टॉवेल कारखान्यात जॉबर.
बावीस माग माझ्या कानांवर चालतात,
कुठल्या मागाचा आवाज बिघडला
ते मी दुसऱ्या टोकाला चहा पिताना ओळखतो.
आणि तुमचं हे जहाज,
सतरा इंचाच्या काचेत मावणारं, एवढंसं,
मला सरळ उभं करता येईना.

मेव्हणा श्रीहरी हैदराबादला नोकरीला गेला,
कॉम्प्युटर आमच्याकडं ठेवून, आत हा गेम.
"सोपं हाय की, बावा," म्हणाला.
सोपं!
एकही बटण रिकामं नाही.
एक दाबलं की दिवे जातात,
एक दाबलं की चाकं निघतात,
एक दाबलं आणि मी माझाच माल
आकाशात सांडला,
चार टन धान्य.
डबे गरागरा फिरत लांब गेले,
बघत बसलो.

जागणं भागच असतं.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
कधी रात्री दोनला, कधी चारला,
तिथली परवानगी कोण देतं देव जाणे.
पिंपं रांगेत, नळाला पाइप लावलेला.
पद्मा आतून म्हणाली,
"जागेच आहात तर जरा हळू आवाजात मरा."

पहिल्यांदा भिंतीवर आदळून मेलो.
दुसऱ्यांदा त्याच भिंतीवर.
मग एकदा दारातून आत गेलो, खरंच गेलो,
उलटा, पोट वर करून,
आणि बाहेर निघालेल्या एका मालवाहू जहाजानं
अशोक चौकातल्या ट्रकसारखं
न बघता उडवलं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते थांबत नाही.
मागाची मूठ ओढली की धोटा पेटीत गप्प बसतो.
इथं इंजिन बंद केलं तरी
जहाज आपलं चाललंय, चाललंय,
पाळी संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.
थांबायचं तर उलटा जोर लावा म्हणे.
किती? ते लिहिलेलं नाही.

चन्नप्पा मास्तरही सांगायचा नाही.
मूठ हातात द्यायचा आणि म्हणायचा, ऐक.
पहिल्या वर्षी मी इतके धागे तोडले
की खात्यात माझं नाव कात्री पडलं होतं.
पण तिथं निदान आवाज होता, बाई.
तुमच्याकडं ऐकायचं काय?

इंधन संपलं.
तुमच्या दारापासून नऊ किलोमीटरवर
मी तिरका तरंगत होतो,
लाल दिवा, पिवळा दिवा, आणि तुम्ही.
तेवढ्यात नळ खोकला.
आधी नुसती हवा, मग गंज, मग पाणी.

जहाज तसंच सोडून उठलो.
पिंपं, हंडे, कळश्या, कुकरसुद्धा,
जिन्यावरून वडनाल काकूंचे दोन ड्रम.
शेवटच्या पिंपाला पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला,
धार बारीक,
काठ आला तशी आणखी बारीक,
मग सोडली.

परत आलो तेव्हा पाच वाजले होते.
मेलेलो होतोच, पुन्हा सुरू केलं.
अंगठा अजून ओला होता.
बटण दाबलं नाही, नुसतं टेकवलं,
उचललं, टेकवलं.
भिंत आली, हळू आली,
आणि जहाज तिला घासून
म्हशीसारखं टेकून उभं राहिलं.
फुटलं नाही.

तुम्ही लगेच बोललात. दंड असणारच.
पण त्यात एक शब्द नवा होता,
तो मला कळला नाही.
सातला पाळी आहे, पोरीला विचारीन.

पुढचं पाणी शनिवारी.
तरी उद्या येतो.